ह्यांची ॲसिडिटी आणि दफेदारांची घोडी

आमच्या ह्यांना दोन वर्षं ॲसिडिटी होती. म्हणजे नव्हती, पण मी सगळ्यांना तसं सांगून ठेवलं होतं, आणि मी एकदा सांगितलं की आमच्या भावकीत ते सातबाऱ्यावर चढल्यासारखं पक्कं होतं. बारसं असो की बारावं, चार बायका बसल्या की गोष्ट सांगायला मलाच पुढं ढकलतात. त्यामुळं खोटंसुद्धा मला जरा आटोपशीर, पटेल असं सांगता येतं. त्याची फळं मी भोगली. जाऊबाईंनी मोरावळ्याची बरणी पाठवली, नणंदेनं सब्जा, खालच्या मजल्यावरच्या शेजारीण खालांनी कसलंसं हकिमी चूर्ण. माझ्या सख्ख्या भावानं तर ह्यांना फोनवर अर्धा तास गार दूध घोट घोट कसं प्यायचं ते समजावलं. हे बिचारे ऐकत राहिले. पोट त्यांचं दगड पचवेल असं.

खरी गोष्ट वेगळी. हे फायर ब्रिगेडमध्ये, सव्वीस वर्षांची नोकरी. गुलमंडीच्या मागच्या एका बोळात कापडाचं गोदाम पेटलं. बोळ एवढा अरुंद की गाडी आत शिरेना, म्हणून पाईप खांद्यावर घेऊन पळावं लागलं. वरच्या मजल्यावर एक म्हातारा रखवालदार होता. ह्यांनीच त्याला पाठीवर घेऊन खाली आणलं. खाली येईपर्यंत तो गेलेला होता. एवढंच मला ठाऊक, आणि तेही ह्यांच्या कामावरच्या जोडीदाराकडून कळलेलं. हे घरी आले, तीनदा अंघोळ केली आणि म्हणाले, "चहा नको." लग्नाला इतकी वर्षं झाली, चहाला नको म्हणताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं.

मग घरातून एकेक गोष्ट जायला लागली. लायटरचा आवाज झाला की हे गॅलरीत. कुकरची शिट्टी चालायची, पण बर्नरचा निळा जाळ दिसला की चेहऱ्यावर घाम. गॅस बंद केला, इंडक्शनची शेगडी आणली. तिच्यावर भाकरी फुगत नाही, त्यामुळं जन्मभर भाकरी खाल्लेला माणूस पोळीवर आला. पाहुणे विचारायचे, भाकरी का नाही हो? मी म्हणायचे, ह्यांना ॲसिडिटी. ज्वारीच्या भाकरीनं ॲसिडिटी होते हा शोध वैद्यकशास्त्रात माझ्या नावावर लागायला हरकत नाही. मग देवापुढचं निरांजन गेलं, सेलवरचा दिवा आला. कामावरही ह्यांनी गाडी सोडून फोन घ्यायची ड्युटी मागून घेतली. आणि मी? मी हसत राहिले. सकाळी हसत डबा भरायचा, शाळेत हसत मुलांची हजेरी घ्यायची, घरी येऊन हसत विचारायचं, "काय म्हणतंय आज?" जणू काही तब्येत हा आमच्याकडं राहायला आलेला पाहुणा आहे.

तेवढ्यात मुलीचं लग्न ठरलं.

मुलगा चांगला, माणसं खुलताबादकडची, शेती करणारी, आणि लग्न सगळं विधीनं व्हावं अशी त्यांची इच्छा. म्हणजे कन्यादान आलं, होम आला. मुलगी म्हणाली, "आई, मी रजिस्टर लग्न करते, बाबांना कशाला त्रास?" थोरले दीर म्हणाले, "मी बसतो की कन्यादानाला. त्याला कशाला बसवता, ॲसिडिटीचा माणूस!" त्यांचंही चूक नव्हतं. माझ्या भावाच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला गुरुजींनी तूप सोडलं, जाळ वर आला, आणि हे जागेवरून उठून जे चालायला लागले ते थेट शहागंजपर्यंत. फोन बंद. संध्याकाळी तिथल्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळच्या पानवाल्यानं सांगितलं, एक साहेब तीन तास बाकावर बसून आहेत.

दिरांचं बोलणं ह्यांनी गॅलरीतून ऐकलं. आत आले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोरगी माझी हाय. मीच बसणार."

मग गॅलरीचं दार लावून घेतलं.

"कसा बसणार, ते माहीत नाय."

गेल्या दोन वर्षांत ते माझ्याशी एवढं मोठं वाक्य बोलले नव्हते.

खुलताबाद रस्त्याला घाटाच्या अलीकडं एक दफेदार राहतात, हे आम्हाला एका ॲम्ब्युलन्सवाल्या ओळखीच्यानं सांगितलं. दफेदार म्हणजे फौजेतल्या घोडदळाचे निवृत्त हवालदारच म्हणा. त्यांच्या आज्याकडं निजामाच्या राज्यात घोड्या होत्या. पोलीस ॲक्शननंतर घोड्या गेल्या, नुसत्या खुंट्या राहिल्या. नातवानं पेन्शनीत येऊन त्या खुंट्यांना परत चार जनावरं बांधली. शहरातल्या एक मानसोपचाराच्या मॅडम रविवारी तिथं येतात. निवृत्त फौजी, पोलीस, ॲम्ब्युलन्सवाले, असे लोक घोड्यांपाशी वेळ घालवतात आणि त्यांना बरं वाटतं म्हणे.

मी लगेच तयारीला लागले. तयारी म्हटली की मला चेव येतो. आमच्याकडं बाप्या माणसानं घोड्यावर बसायचं म्हणजे आयुष्यात एकदाच, त्यामुळं दुसऱ्यांदा बसायचं तर काय काय लागतं हे मला कुणी सांगितलेलंच नव्हतं. मी नारळ घेतला, हळदीकुंकू घेतलं, घोड्याला भिजवलेले हरभरे, गूळ, आणि घोड्यावर बसल्यावर ऊन लागू नये म्हणून ह्यांचा जुना फेटा. स्कूटरवर ही पिशवी मांडीवर धरून मी मागं बसले होते. गेटात दफेदारांनी पिशवीत डोकावून बघितलं. सहा फूट माणूस, मिशा पांढऱ्या, पायात रबरी बूट.

"वहिनी, ह्यांचं दुसरं लग्न लावायचंय का?"

हे हसले. लगेच थांबले, पण हसले.

"बसायचं नसतंय हितं," दफेदार म्हणाले. "घोड्यावर बसून कुणाचं भलं झालंय? नवरदेवाला इचारा. हितं नुसतं घोडीपाशी उभं ऱ्हायाचं. ती करू देईल तेवढं तिचं करायचं. घ्या." आणि त्यांनी ह्यांच्या हातात खरारा दिला. खरारा म्हणजे घोड्याचं अंग घासायचा दातेरी ब्रश. नारळ ठेवून घेतला, हरभरे चंदीच्या, म्हणजे घोड्यांच्या खाण्याच्या, टोपल्यात ओतले, गूळ परत दिला. फेटा मी पिशवीच्या तळाशी दाबला.

ह्यांच्या वाट्याला आली ती पांढरी घोडी. बारा वर्षं वराती वाहिलेली. एका वरातीत आतषबाजीतला बाण तिच्या मांडीवर येऊन फुटला, तेव्हापासून ती बँड ऐकला की दुगाण्या झाडायची, म्हणून मालकानं काढून टाकली. मांडीवर हाताच्या पंजाएवढी जागा बिनकेसांची, गुलाबी. ह्यांनी पहिल्या दिवशी ती जागा बघितली आणि खरारा खाली ठेवून दिला. दोन तास नुसती लीद उचलली. पुढच्या रविवारीही लीदच. मी झाडाखाली खुर्चीवर बसून मनात हिशेब करत होते की ह्याच वेगानं गेलो तर लग्नापर्यंत हे घोडीच्या मानेपर्यंत पोचतील.

तिसऱ्या का चौथ्या रविवारी मॅडम माझ्याकडं वळल्या. तरुण मुलगी, डोक्यावर टोपी, पायात खेळायचे बूट, बोलणं इतकं हळू की पुढं वाकावं लागायचं.

"तुम्हीपण आत येता का, ताई?"

"मला काय झालंय?" मी म्हणाले. हसून.

"काही झालेलं नसलं तरी चालतं. आत्ता शरीरात कुठं काय जाणवतंय?"

"गुडघ्यात," मी म्हणाले. खरंच होतं ते. स्कूटरवर पाय अवघडतात.

आत गोल कुंपण आहे, मध्ये भुसभुशीत माती. पांढरी घोडी मोकळी उभी होती. मी हातात नेहमीची पिशवी आणि तोंडावर ठेवणीतलं हसू घेऊन, "ये ये, बाळा" करत गेले. अशी साद घालून मी शाळेतल्या किती हट्टी मुलांना वर्गात नेऊन बसवलंय. घोडीनं कान मागं टाकले, सावकाश वळली आणि मला पाठ दाखवली. मी फिरून समोर गेले. तिनं परत पाठ. असं तीनदा. कुंपणाला टेकलेला ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, "ताई, आमचे पेशंटबी असंच करत्यात, सुई दिसली की."

"मी काय केलं हिला?" मी दफेदारांना विचारलं.

"काय नाय केलं. तुमी तोंडानं हसताय, अन् खांदे पार कानाला टेकलेत. दात येक सांगत्यात, अंग दुसरंच. तिला मेळ लागंना, म्हून ती भेलीय." मग जरा खालच्या आवाजात, "भाऊंना नाय भीत ती. तुमाला भीतीय."

मला काय वाटलं ते मॅडमनी विचारलं नाही, हे बरं झालं. मला राग आला होता. माझा रविवार, माझे गुडघे, माझे हरभरे, आणि घोडी मला घाबरते! मी उभी राहिले. पिशवी हातातून खाली गळली. कुणाला न उद्देशून म्हणाले, "मला लई कटाळा आलाय." आणि एकदा तोंडातून गेलं तसं थांबेना. "झोप पुरत नाय. सारखं खोटं बोलून बोलून जीभ दुखती. गॅस पेटवायचा नाय, हसणं सोडायचं नाय. लई कटाळा आलाय, बाई."

बाई म्हणजे घोडी. ती वळली, आणि चार पावलं चालत माझ्यापर्यंत आली. मला भरून आलं. मी हात पुढं केला. तिनं हात हुंगला, सोडला, आणि नाक खाली घालून पिशवीत पहिल्या दिवसापासून पडून राहिलेला गूळ कागदासकट खायला सुरुवात केली.

कुंपणाबाहेर हे उभे होते. मी बोलले ते सगळं त्यांनी ऐकलं होतं. परत येताना स्कूटरवर मांडीवरची पिशवी हलकी लागत होती. दौलताबादच्या फाट्यापाशी ते एकदम म्हणाले, "जीभ खरंच दुखती का?"

"व्हय," मी म्हणाले.

नंतर खरारा सुरू झाला. आधी मान, मग पाठ, मग पोट, मांडी सोडून. हे कोरडेपणानं काम करायचे, गाडी धुतल्यासारखं, पण पाण्याशिवाय. घोडी कधी कधी मान त्यांच्या खांद्यावर टाकून उभी राहायची. मी म्हणायचे, काही फरक पडतोय का? दफेदार म्हणायचे, लीद चांगली पडतीय. फार आशा ठेवू नये असं त्यांच्या बोलण्यात नेहमी असायचं. मॅडमपण म्हणायच्या, घोडा औषध नाही, ताई, दारू उतरल्यासारखी भीती उतरत नाही. लग्न दीड महिन्यावर आलं होतं. मी थकून तिथल्या खुर्चीवर डुलक्या काढायला लागले होते.

अशीच एक दुपार. शेजारच्या रानात कुणीतरी कापसाची पऱ्हाटी पेटवली. वारा आमच्याकडं. मी डोळे उघडले तर धुराचा लोट कुंपणावरून येत होता, आणि पांढरी घोडी दोन पायांवर. दोर ह्यांच्या हातात. दफेदार लांब, तबेल्यात. मी ओरडणार होते, "सोडा तिला!" पण आधी कुंपणाकडं धावले. ह्यांचा चेहरा वास्तुशांतीच्या दिवशी होता तसाच होता. तोच घाम. वाटलं, आता हे दोर टाकून चालायला लागतील, आणि ह्यावेळी खुलताबादच्या डोंगरात शोधावं लागेल.

त्यांनी दोर सैल सोडला, पण टाकला नाही. घोडीचे पाय जमिनीला टेकले. मग ते तिच्याशी बोलले. चांगलं मोठ्यानं, गड्याला सांगावं तसं.

"मलाबी भ्या वाटतंय. लई वाटतंय. हितं थांबायचंच नाय आपून. चल, वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊ."

आणि तिला बाजूला घेऊन, धूर पाठीशी टाकत, बांधाबांधानं ते पार चिंचेपर्यंत गेले. वारा कुठून येतो हे बघून पाऊल टाकायची सवय तेवढी शाबूत होती. तिथं दोघं धापा टाकत उभे राहिले. दफेदार बाहेर आले, बघितलं, आणि म्हणाले, "झ्याक." तेवढंच. मी मात्र 'भ्या' ह्या शब्दापाशीच अडकून बसले होते. दोन वर्षं मी त्या शब्दाला ॲसिडिटी म्हणत होते, आणि ह्यांनी तो मला नाही, घोडीला सांगितला.

आता बस्ता. लग्नाचे कपडे घ्यायला दोन्हीकडच्या मंडळींनी एकत्र दुकानात बसायचं, गाद्यांवर, चहा पीत, साड्यांचे ढीग लावत. दुकान गुलमंडीवरचंच होतं. व्याह्यांचं तीन पिढ्यांचं तिथलं खातं. मी ह्यांना म्हणाले, तुम्ही येऊ नका, मी सांगते काहीतरी. ते म्हणाले, "काहीतरी नको सांगू." आणि आले. बोळाच्या तोंडाशी एक क्षण थांबले, तिकडं बघितलं, आणि दुकानाची पायरी चढले.

नवरीचा शालू झाला, मानाच्या साड्या झाल्या. मग व्याह्यांनी दुकानदाराला सांगितलं, "आमच्या व्याह्यांना होमाला बसायला कद दाखवा, चांगलं रेशमी." दुकानदारानं झटकन पिवळं धोतर उलगडलं. मी ह्यांच्या चेहऱ्याकडं न बघताच बोलले. सवयच ती. "एवढं भारी कशाला? त्यांना फार वेळ बसवत नाही हो, ॲसिडिटी..."

"अगं बाई, अजून हायेच का?" विहीणबाई म्हणाल्या. "म्हणून तर आमी सुपारीच्या दिवशी तुमाला नुसता दहीभात वाढला! जिऱ्याचं पाणी घेता का, भाऊ?"

"मला ॲसिडिटी नाय," हे म्हणाले.

दुकानदाराच्या हातात धोतर तसंच पसरलेलं राहिलं.

"मला आगीचं भ्या वाटतंय."

व्याही साधा माणूस. त्यांना खरंच कळेना. "तुमी तर आग इझवता ना?"

"व्हय. म्हनूनच." मग ह्यांनी बोट दाखवलं, दुकानाच्या मागच्या भिंतीकडं, बोळाच्या दिशेनं. "ह्याच्या मागं एक माणूस माझ्या पाठीवर मेला. तवापासून जाळ बघवत नाय. कन्यादान मीच करणार. पण होम पेटायच्या आत मी उठणार. चालत असंल तर सांगा. नसंल तर माझा भाऊ बसंल. पण खोटं कारण सांगून नाय बसणार."

दुकानदारानं धोतराची घडी घालायला घेतली. मुलगी माझा हात इतका घट्ट धरून बसली होती की बांगडी रुतली. व्याही मिशीवरून हात फिरवत राहिले. त्यांनी "अहो, त्यात काय!" असं काही म्हटलं नाही. ते म्हणाले, "गुरुजीला इचारावं लागंल. मधनं उठणं बरं दिसतंय का नाय, मला म्हायीत नाय." रागानं नाही, पण खुशीनंही नाही. विहीणबाईंच्या डोक्यात मात्र तिसरंच चालू होतं.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "तुमाला भाकरी चालती?"

"चालती," हे म्हणाले.

"आन् झुणका?"

"सगळं चालतंय."

"मग दोन वर्षं दहीभात का खाताय, ओ?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पुढ्यातला साड्यांचा ढीग बाजूला सारला. मी म्हणाले, "कद दाखवा हो, दुसऱ्या रंगाचं."

गुरुजींचा निरोप चार दिवसांनी आला. कन्यादान झाल्यावर बापाचं काम संपतं, पुढचा होम नवरा-नवरीचा. उठले तर दोष नाही. ते चार दिवस कसे गेले ते मी लिहीत नाही.

लग्नात हे कन्यादानाला बसले. पाण्याची धार वेडीवाकडी पडत होती, पण बसले. गुरुजींनी समिधा रचायला घेतल्या तसे ते उठले. पळाले नाहीत, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, व्याह्यांना नमस्कार केला, मला म्हणाले, "गेटापाशी हाय," आणि चालत गेले. मांडवात कुजबुज झालीच. मागच्या रांगेतल्या आमच्या एक आत्याबाई म्हणाल्या, "ॲसिडिटी वर आली वाटतं." मी मागं वळून सांगितलं, "नाही, आत्या. त्यांना आगीची भीती वाटते." आत्याबाईंना कमी ऐकू येतं. तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्या वेळेला वाजंत्रीवाले नेमके थांबले होते, त्यामुळं सगळ्या मांडवाला कळलं.

सप्तपदी झाली. मुलगी शालू सावरत गेटापाशी गेली, मीही मागं. हे भिंतीला पाठ लावून, बंद बँडच्या गाडीजवळ उभे होते. तिला जवळ घेतलं. मग माझ्याकडं बघून विचारलं, "होम इझला का?"

"गुरुजी उठलेत," मी म्हणाले.

"गुरुजी नाय इचारले. होम."

मी आत गेले. मंडळी पंगतीला बसली होती, मांडवात कुणी नव्हतं. कुंडाशेजारी वाकून बघितलं. वर राख, खाली अजून लाल. परत गेटापाशी गेले.

"अजून दोन निखारे आहेत."

"थांबतो," ते म्हणाले.

मी आत येऊन कुंडापाशी पाटावर बसले. दोन्ही गुडघे दुखत होते. वाढपी येऊन दोनदा विचारून गेला, "बाई, ताट वाढू का?" मी म्हणाले, जरा वेळानं. राखेखाली एक निखारा मालवला. दुसऱ्यानं बराच वेळ घेतला.

आम्ही दोघं शेवटच्या पंगतीला बसलो तेव्हा जिलेबी संपली होती.